हे खातील तेच

ह्यांच्या रक्तातली तीन महिन्यांची साखर आली आठ पॉइंट एक. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या तपासणीत साडेसातच्या आत आणा, नाहीतर रोज पोटात सुई." साडेसातीला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण नुसत्या साडेसातला घाबरलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला, आणि तो नेमका माझा नवरा निघाला. सुई म्हटल्याबरोबर ह्यांनी खुर्चीचे दोन्ही हात असे धरले, जणू खुर्ची निघून चालली होती. घरी मी शर्टाचं बटण लावायला बसले तरी हे बाहेरच्या खोलीत जातात. एकदा दंडात सुई टोचताना हे आडवे झाले होते, आणि त्या दिवशी टोचणार होते ते शेजारच्या बाकावरच्या बाईंना.

बाहेर मात्र अख्खा बाजार ह्यांना चळाचळा कापतो. हे वजनमापं खात्यात निरीक्षक आहेत. दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर खटला भरायचा. एकवीस वर्षांत कुणाच्या दुकानात फुकटचा चहा घेतलेला नाही. हे मी अभिमानानं आधीच लिहून टाकते, कारण पुढे अभिमानाला फारशी जागा उरणार नाही.

डॉक्टरांनी आम्हाला आहारबाईंकडे पाठवलं. आहारबाई वयानं माझ्या भाचीएवढ्या आणि आवाजानं माझ्या सासूएवढ्या. त्यांनी एक कागद दिला. उकडलेला भोपळा दीडशे ग्रॅम, मोड आलेली कडधान्यं साठ ग्रॅम, भात चाळीस ग्रॅम, कोबी हवा तेवढा (म्हणजे कुणालाच नको तेवढा). कागदाच्या तळाशी चौकट होती, तीत तळलेलं, गोड आणि बेकरीचं ह्या तिघांची नावं फरारी आरोपींसारखी लिहिली होती. सोबत एक वही. रोज काय खाल्लं ते लिहायचं आणि खाली घरच्या माणसानं सही करायची: वरील नोंद खरी आहे.

"घोटाळा घरचीच माणसं करतात," आहारबाई म्हणाल्या. "प्रेमापोटी चमचाभर जास्त वाढतात आणि वहीत भोपळा लिहितात."

"माझा खोटं न बोलण्याचा नेम आहे," मी हळूच म्हणाले.

"बोलायचं कुठंय? लिहायचंय!"

माझे नेम तसे थोडेच आहेत. पहाटे उठून देवासमोर दिवा आणि जप. पानातलं टाकायचं नाही. खोटं बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. ह्या शेवटच्या नेमामुळे लोक मला गरीब स्वभावाची समजतात, आणि तो समज मी कधी मोडत नाही, कारण त्याचा फार उपयोग होतो.

तर घरी आल्यावर मी स्वयंपाकघरासाठी छोटा काटा आणला. ओट्यावर ठेवला, वर भोपळा ठेवला, आणि हे भोपळ्याऐवजी काटाच उलटा करून पाहू लागले.

"ह्याला शिक्का नाही."

"अहो, घरचा काटा आहे."

"घरचा असो नाहीतर दारचा. बिनशिक्क्याच्या काट्यावर मोजलेलं मी खाणार नाही. उद्या मला कुणी विचारलं तर?"

कोण विचारणार होतं देव जाणे. भोपळा तर नक्कीच विचारणार नव्हता. पण तत्त्वाचा प्रश्न निघाला की हे जेवणसुद्धा सोडतात. बाकी, समोर भोपळा असताना तत्त्वाचे प्रश्न जरा जास्तच निघतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा रीतसर अर्ज लिहिला. अर्जदार मी, अर्ज घ्यायचा ह्यांच्याच टेबलावर. ह्यांनी तो माझ्याच हातून घेतला आणि पोच दिली. मग तिसऱ्या दिवशी ह्यांनीच माझ्यावर हरकत काढली की घरगुती काट्यावर शिक्का मारायची नियमात तरतूद नाही. मी विनंती केली. हे म्हणाले, वरच्या साहेबांना विचारतो. वरच्या साहेबांनी लिहून पाठवलं की सदर काटा व्यापारासाठी नाही असं शपथपत्र जोडावं. तेही जोडलं. अकराव्या दिवशी काटा शिक्का घेऊन घरी आला. तोवर हे जुन्याच पद्धतीनं, म्हणजे न मोजता जेवत होते. पथ्याचे पहिले अकरा दिवस असे सरकारजमा झाले.

बाराव्या दिवशी भोपळा ताटात आला. हे त्याच्याकडे आणि भोपळा ह्यांच्याकडे पाहत राहिला. ह्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. इतका मोठा माणूस, दीडशे ग्रॅमनं हरलेला. त्याच संध्याकाळी मी दिव्यापुढे हात जोडून बोलून टाकलं: ह्यांची साखर उतरेपर्यंत हे खातील तेच आणि तेवढंच मी खाईन. ह्यांनी न खाल्लेलं तोंडात घालणार नाही, आणि ह्यांनी खाल्लेलं मागे ठेवणार नाही.

हे शेवटचं वाक्य मी केवळ गोल वाटावं म्हणून जोडलं होतं. देवासमोर वाक्यं गोल करू नयेत, हा अनुभव मी इतर बायकांसाठी इथे नोंदवून ठेवते.

आमच्या वरच्या मजल्यावर गोळीकाका राहतात. त्यांचं औषधांचं दुकान होतं. ते आता मुलगा पाहतो आणि काका जिन्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहतात. पथ्याची बातमी त्यांना आमच्या कचऱ्याच्या डब्यातल्या भोपळ्याच्या सालींवरून कळली.

"भोपळ्यानं काही होत नाही," ते म्हणाले. "डाव्या हातानं जेवायला लावा. घास चुकतात, आपोआप कमी जातं."

डाव्या हातानं जेवण कमी गेलं हे खरं, पण ते पोटात. टेबलाच्या कापडावर आणि ह्यांच्या मांडीवर भरपूर गेलं. पानातलं टाकायचं नाही हा माझा नेम मांडीलाही लागू होतो की काय, ह्यावर मी एक रात्र विचार केला.

मग काका म्हणाले, "समोर आरसा ठेवा. खाणाऱ्याला स्वतःची लाज वाटते." आरसा ठेवला. ह्यांनी जेवता जेवता भांग नीट केला आणि दोन घास जास्तच घेतले.

सहा आठवडे मी शिक्क्याच्या काट्यावर मोजून रांधत होते, मोजून वाढत होते, मोजून खात होते. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. रस्त्यात लोक थांबवून विचारू लागले, "काही आजार वगैरे?" हे मात्र होते तसेच, उलट गालावर थोडी तकाकी आलेली. मी म्हणायचे, भोपळा मानवला ह्यांना.

सहाव्या आठवड्यात मधली तपासणी झाली. आठ पॉइंट दोन.

आहारबाईंनी वही उघडली, मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. शाळेत शेजारणीनं चोरलेल्या पेन्सिलीसाठी मला उभं केलं होतं, तेव्हा बाई अशाच पाहत होत्या. "ताई, वहीप्रमाणे तर हे आत्तापर्यंत हवेत उडायला हवे होते. खरं सांगा, वर काय वाढता?"

मी मदतीसाठी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे मन लावून पाहत होते.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांना सगळं आधी कळतं आणि मग त्या विचारतात. "काय गं, वाढली म्हणे? तुझ्या हाताला चव नाही हे लग्नाच्या वर्षीच कळलं होतं मला. पण चव नाही म्हणजे निदान गुण तरी असेल, असं वाटायचं हो!" मी हळूच म्हटलं, "भोपळ्याला चव नसतेच, वन्सं." त्या म्हणाल्या, "माझ्या भावाला सुई लागली ना, तर मी तुला विचारीन." पलीकडच्या खुर्चीत त्यांचा भाऊ 'सुई' ऐकून पांढरा पडला होता. त्या रात्री मी दिव्यापुढे बसून रडले. आवाज न चढवता.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात तपासणीच्या कागदाची कार्बन प्रत निघाली. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून वाचली. 'शाळेमागील बेकरी. क्रीम केक, नग दोन. छापील वजन ऐंशी ग्रॅम, प्रत्यक्ष वजन ऐंशी ग्रॅम. बरोबर. तपासलेला नमुना पुन्हा विक्रीस जाणार नाही याची निरीक्षकाने नियमानुसार स्वतः खात्री केली.' मला ह्यांचं कौतुक वाटलं. मग आदल्या शर्टाच्या खिशातही एक प्रत निघाली. तीच बेकरी, तेच दोन केक, तेच ऐंशी ग्रॅम. मंगळवार आणि गुरुवार. ज्या दुकानाचं वजन दर खेपेला बरोबर, तिथे आठवड्यातून दोनदा तपासणी, आणि आमचा कोळसेवाला पोत्यामागे दोन किलो मारतो, त्याच्याकडे वर्षातून एकदा. पण सरकारी कामाची पद्धत बायकांना काय कळणार, असं म्हणून मी शर्ट भिजत घातला.

मला खटकलं ते वेगळंच. जेवताना मी विचारलं, "अहो, तपासलेल्या केकचं काय करता? टाकून देता का? अन्न टाकणं वाईट हो."

ह्यांनी घास ताटात परत ठेवला. "टाकत नाही."

"मग?"

"व्यवस्था करतो."

"कुणाला देता?"

हे बराच वेळ भोपळ्यात काहीतरी शोधत होते. "गरजू माणसाला," म्हणाले.

मला फार बरं वाटलं. आठवड्याला चार केक खाणारा तो गरजू कोण, त्याला चार कपडेही द्यावेत, ह्या चांगल्या हेतूनं मी ह्यांचे दोन जुने शर्ट घडी करून पिशवीत घातले आणि बेकरीत गेले. माझ्या भोळेपणाला ह्या जन्मी औषध नाही. गोळीकाकांकडेसुद्धा.

बेकरीवाली हसतमुख बाई. मी कोण ते सांगताच पिठाचे हात पुसून बाहेर आली. "वजनवाल्या साहेबांच्या मिसेस? या ना! साहेबांसारखा माणूस नाही हो. मंगळवारी आणि गुरुवारी बरोबर साडेचारला येतात. त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात, रस्त्याकडे पाठ करून. आधी दोन्ही केक काट्यावर ठेवतात, कागद लिहितात, सही करतात. मग डोळे मिटतात."

"डोळे मिटतात?"

"पहिल्या घासाला. मला तर वाटलं प्रार्थना करतात. दोन्हीचे पैसे मोजून देतात हां, पैशाला पक्के!"

"तिसरा मागत नाहीत?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"कधीच नाही. फार संयमी माणूस!"

मी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. आवाज न चढवण्याचा नेम आयुष्यात त्या एकाच दिवशी मला जड गेला. सहा आठवडे मी सही करत होते, वरील नोंद खरी आहे. माझा खरं बोलण्याचा नेम मोडला, तो ह्यांच्या साडेचारच्या प्रार्थनेनं. वन्संचे टोमणे मी खाल्ले, आहारबाईंचे डोळे मी खाल्ले, केक मात्र ह्यांनी खाल्ले. आणि तेवढ्यात विजेसारखं आठवलं: ह्यांनी खाल्लेलं मागे ठेवणार नाही.

दुसराही नेम मोडला होता. आणि हा भरून काढता येण्यासारखा होता.

"साहेबांच्या तपासण्या किती झाल्या एकूण?" मी विचारलं. बेकरीवालीनं खिळ्याला अडकवलेले कागद मोजले. बारा. म्हणजे चोवीस केक. "तेवढेच मलाही हवेत. एकदम दोन नकोत, रोज एकेकच द्या," मी म्हणाले. "प्रकृतीला जपून करायला हवं."

रात्री ह्यांना भोपळा, कोबी, चाळीस ग्रॅम भात वाढला. मीही तेच जेवले. मग उठले, डबा उघडला, क्रीम केक बशीत घेतला, रीतीप्रमाणे काट्यावर ठेवला, ऐंशी ग्रॅम, आणि ह्यांच्यासमोर येऊन बसले.

"हे काय?" ह्यांचा आवाज कोबीसारखा मऊ झाला होता.

"नेम आहे. हे खातील तेच मी खाईन म्हणून. पहिल्या मंगळवारचा राहिला होता."

मी पहिला घास घेतला. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते: माझेही डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा ह्यांची मान खाली होती. "तुला कधी कळलं?"

"त्या गरजू माणसाला शर्ट द्यायला गेले होते," मी म्हणाले.

मी आणखी एक शब्दही बोलले नाही. बोलणाऱ्या बायकोशी भांडता येतं, केक खाणाऱ्या बायकोशी काय भांडणार? दुसऱ्या दिवशीपासून वहीवर सही करायला मी ह्यांनाच लावलं. मोत्यासारख्या अक्षरात हे लिहायचे, 'भोपळा, दीडशे ग्रॅम', आणि समोर मी पहिला गुरुवार, दुसरा मंगळवार अशी पुढे सरकायची. पाचव्या रात्री ह्यांना राहवलं नाही.

"पुरे कर गं आता. तुला बाधेल."

"एकोणीस राहिलेत."

"ते मी खाल्ले होते. मला शिक्षा दे ना. तू कशाला?"

"शिक्षा नाही हो. नेम आहे. तुम्ही खाल्लात की मला खावंच लागतं. उद्या तुम्ही आणखी एक खाल्लात तर पंचवीस होतील. माझा काही इलाज नाही."

सुईची भीती ह्यांना होतीच, पण सुई दूर होती आणि बेकरी जवळ. आता मात्र प्रत्येक केकच्या मागे माझं तोंड दिसायला लागलं. गुरुवारी साडेचारला हे बेकरीत गेले नाहीत. मंगळवारीही नाहीत. बेकरीवालीनं काळजीनं निरोप पाठवला की साहेबांची तब्येत बरी आहे ना. बाजारात मात्र हाहाकार उडाला. ह्यांना आता संध्याकाळ मोकळी मिळाली होती आणि पोटात भोपळा होता. त्या महिन्यात ह्यांनी आमच्या कोळसेवाल्यासकट नऊ जणांवर खटले भरले.

चोविसावा केक मी एका बुधवारी खाल्ला. सहावा गुरुवार, नग दुसरा. व्रत पूर्ण झालं. मी हात जोडले, बशी धुतली, आणि दुसऱ्या रात्री भोपळ्यानंतर नुसतीच बसून राहिले. काय सांगू! चैन पडेना. शर्ट धुताना मी हल्ली दोन्ही खिसे उलटे करून बघायची. कार्बन प्रत असायची, पण किराणावाल्याची, नाहीतर भंगारवाल्याची. भंगारात खाण्यासारखं काही नसतं. शेवटी एका गुरुवारी न राहवून मी विचारलंच, "आज शाळेमागे कुठे तपासणी नव्हती का हो?"

"नाही," हे म्हणाले. "तुझी काळजी वाटते."

असा प्रेमळ नवरा कुणाला मिळतो? मी मुकाट्यानं कोबी खाल्ला.

तीन महिने भरले. ह्यांचा आकडा आला सात पॉइंट दोन. डॉक्टर म्हणाले, सुई नको. हे दवाखान्याच्या दारात कंपाउंडरला मिठी मारून मोकळे झाले. आहारबाईंनी सहज म्हणून माझंही रक्त तपासायला घेतलं होतं. तो आकडा मी इथे देत नाही. खोटं लिहायचं नाही असा माझा नेम आहे, न लिहिण्याबद्दल नेमात काही म्हटलेलं नाही.

महिन्याच्या शेवटी आहारबाई रुग्णांच्या घरच्यांची सभा घेतात. चाळीसेक बायका, मागच्या भिंतीशी त्यांचे नवरे ओळीनं बसलेले. आहारबाईंनी मला पुढे बोलावलं. "ह्या ताईंकडे बघा. सहा आठवडे काही उतरत नव्हतं. मीसुद्धा ह्यांच्यावर संशय घेतला, चुकलंच माझं. आणि पुढच्या सहा आठवड्यांत एक संपूर्ण अंक खाली! ताई, सगळ्यांना सांगा, काय पद्धत वापरलीत?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मागे हृदयाचं चित्र शोधत होते, पण ह्या खोलीत चित्र नव्हतं.

"मी विशेष काही केलं नाही," मी हळूच म्हणाले. "रोज रात्री ह्यांच्यासमोर बसून एक क्रीम केक खाल्ला."

सभेत सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि हे आडवे झाले असते. आहारबाईंचं तोंड उघडं राहिलं. मग पहिल्या रांगेतल्या एका जाड भिंगाच्या बाईंनी पिशवीतून वही काढली. त्यांचं बघून दुसरीनं. बघता बघता चाळीस वह्या उघडल्या.

"जेवणाआधी की नंतर?" भिंगवाल्या बाईंनी विचारलं.

"नंतर. बोलायचं मात्र काही नाही."

"घास लहान की मोठा?"

"लहान. त्यांना दिसेल असा."

मागच्या भिंतीशी नवऱ्यांची ओळ भोपळ्यासारखी पिवळी पडत चालली होती. आहारबाई "अहो ताई, अहो ताई" म्हणत मध्ये येत होत्या, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यातून एक तरुण मुलगी उठली. नवीनच लग्न झालेलं दिसत होतं. जरा लाजत म्हणाली, "काकू, आमच्याकडे हे चोरून तळलेली मासळी खातात. मला मासळी मुळीच आवडत नाही. त्याऐवजी चॉकलेटचा केक चालेल का?"

मी तिला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात समजावलं, "नाही गं बाळ. ते खातील तेच. त्यात आपली आवड आणायची नाही. व्रत आहे हे."